बा सोकोंची किल्ली

कार्यशाळा सियावोंगाला ठरली हे कळल्याबरोबर टियोंगे जेरेनं ओळखलं होतं की लॅक्सन काही येत नाही, बा सोको येतात. लॅक्सन तिच्या हाताखालचा माणूस, रोजचा सर्व्हर सांभाळणारा. बा सोको तिचे संचालक, नावाआधी मानाचं 'बा' लागणारे, सर्व्हर कुठल्या खोलीत आहे हे दारावरची पाटी वाचून सांगणारे. कार्यशाळा होती नेटवर्कच्या सुरक्षेची, सरकारी कार्यालयांच्या आणि त्यांच्या कंत्राटदारांच्या अ‍ॅडमिन लोकांसाठी. पण सियावोंगा म्हणजे करिबाचं तळं, तळ्याकाठचं हॉटेल, वरून भत्ता. हीच कार्यशाळा राजधानीत, लुसाकात असती तर बा सोकोंना त्या आठवड्यात हमखास मलेरिया झाला असता.

"लॅक्सन तरुण आहे, पोरी," ते म्हणाले होते. "त्याला पुढे पुष्कळ मिळतील. मी आता निवृत्तीला टेकलोय. मलाही कळू दे की हे काय असतं ते."

यावर काय बोलणार? बापाच्या वयाच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. टियोंगेनं मान डोलावली आणि मनातल्या मनात दातओठ खाल्ले.

दातओठ खाण्यासारखंच होतं. त्यांच्या कार्यालयाचं नेटवर्क रक्ताच्या साठ्याचं होतं. कुठल्या गावच्या इस्पितळात कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत हे त्यावर दिसायचं. त्या नेटवर्कचा सर्वाधिकारांचा पासवर्ड, ज्याला कार्यालयात सगळे नुसतं किल्ली म्हणत, तो गेली काही वर्षं कंत्राटदार कंपनीच्या हातात होता. टियोंगेच्या वाट्याला उरलं होतं वायरी खोचणं आणि इस्पितळांची माफी मागणं. गेल्या पावसाळ्यात कंपनीतल्या कुणीतरी बसल्या जागेवरून सिस्टिम बंद करून चालू केली, ती अर्धा दिवस उठलीच नाही. पेटाउकेचा डॉक्टर एका बाळंतिणीसाठी एकेका गावाला फोन लावत होता, टियोंगे किल्लीसाठी कंपनीला फोन लावत होती, आणि कंपनीतली मुलगी गोड आवाजात सांगत होती की आधी तक्रार नोंदवा. त्या बाळंतिणीचं पुढे काय झालं ते टियोंगेनं विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आता करार संपत आला होता. किल्ली कार्यालयाकडे परत घ्यायची की कंपनीकडेच ठेवायची, हे मंत्रालयाला कळवायचं काम बा सोकोंचं. त्याआधी या कार्यशाळेत दोन्हीकडच्या माणसांचा कस लागणार होता. थोडक्यात, आठवड्याभरात टियोंगेला दोन गोष्टी साधायच्या होत्या. कंपनीला हरवायचं आणि बा सोकोंना दुखवायचं नाही. यातली पहिली सोपी होती.

सोमवारची सकाळ नेहमीप्रमाणे वाया गेली. प्रार्थना झाली. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून त्यांच्यासाठी ती पुन्हा झाली. मग "उपस्थित सर्व मान्यवर" म्हणत म्हणत मान्यवरांची नावं झाली, ऑक्टोबरच्या उन्हात उभं राहून फोटो झाला, आणि झोप उडावी म्हणून एका उत्साही गृहस्थांनी सगळ्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले. त्यात एक पावसाची टाळी होती. आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी, असं करत शेवटी धो धो. टियोंगेनं एक बोट दुसऱ्या हातावर आपटत घड्याळ पाहिलं. तेवढ्यात वीज गेली. धरण हाकेच्या अंतरावर, अर्ध्या देशाला वीज देणारं, आणि त्याच्या पायथ्याशी पंखा बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जनरेटर सुरू झाला तेव्हा कळलं की हॉटेलचं वायफाय त्यावर चालत नाही, आणि चालतं तेव्हा त्याचा पासवर्ड स्वागतकक्षाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला असतो.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव बा मुटिंटा. किडकिडीत, कोरड्या आवाजाच्या, नजरेतून काही न सुटणाऱ्या. त्यांनी प्रत्येक जोडीला सरावाचा एकेक लहानसा सर्व्हर दिला. सरकारी कार्यालयाची जोडी एकीकडे, त्याच कार्यालयाच्या कंत्राटदाराची जोडी समोर. शुक्रवारपर्यंत आपला सर्व्हर राखायचा आणि समोरच्याचा फोडायचा.

"मारामारी नाही, धमक्या नाहीत, मोडतोड नाही," बा मुटिंटा म्हणाल्या. "बाकी सगळं चालेल. फसवा, भुलवा, थापा मारा. चोर काही आपली परवानगी घेऊन येत नाही."

समोरच्या टेबलावरून कुणीतरी खुर्ची ओढत आलं. कंपनीचा कसोंडे. कामात हुशार, बोलण्यात फटकळ, आणि जमातीनं बेंबा. टियोंगे आणि बा सोको दोघंही न्गोनी. झालं की मग. न्गोनी आणि बेंबा म्हणजे सोयरे. कुठल्या तरी पणज्या-खापरपणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि तेव्हापासून त्यांच्या पोराबाळांना एकमेकांची वाट्टेल तशी टिंगल करायचा हक्क मिळाला. सोयऱ्यानं काहीही बोलावं, तुमच्या हातातली वस्तू हिसकावून न्यावी, मयताच्या घरी येऊन चुलीवरचं भांडं पळवावं आणि सोडवणूक मागावी. आपण हसायचं आणि सोडवून घ्यायचं. जो रागावला तो हरला, आणि जो सोडवणूक देत नाही तो कंजूष म्हणून गावभर होतो. न्गोनी उंदीर खातात आणि बेंबा माकडं, ही त्यातली ठरलेली टिंगल. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं टियोंगेला झालं.

"काय गं उंदीरखाऊ," कसोंडे म्हणाला, "जेवणात आज मासे आहेत. तुझ्यासाठी शेपटीवालं काही करायला सांगू का?"

"सांग ना. आणि तुझ्यासाठी झाडावर बघायला सांगते. तुझे चुलतभाऊ उड्या मारतायत तिथे. एखादा उतरवून शिजवतील."

"बघा, सोयरे," तो बा सोकोंकडे वळला, "ही अशी बोलते आणि तुम्ही हिच्या हातात किल्ली देणार? रागाच्या भरात अख्ख्या देशाचं रक्त बंद करील."

बा सोको पोट धरून हसले. त्यांना सोयऱ्याची थट्टा फार आवडायची. टियोंगेलाही आवडत नव्हती असं नाही, पण थट्टेत किल्लीचा विषय आला की तिचं हसू थांबायचं.

दुपारी बा सोको खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "मलाही दे."

"काय, बा सोको?"

"किल्ली. सरावाच्या सर्व्हरची. मी जोडीतला आहे ना? का नुसता फोटोपुरता?"

तिनं त्यांचं खातं उघडलं आणि पूर्ण अधिकार दिले. दुसरं काय करणार? बा मुटिंटांनी सांगितलं होतं की पासवर्ड म्हणून एखादा शब्द नको, अख्खं वाक्य घ्या, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही असं. बा सोकोंनी बराच वेळ छताकडे बघितलं. मग चष्मा नाकावर खाली ओढून, एकेक अक्षर शोधत, ते टाइप करू लागले. आणि टाइप करता करता, जनरेटरच्या घरघरीवर आवाज चढवून, म्हणू लागले.

"आजोबांची... तांबडी... गाय..."

टियोंगेनं कपाळावर हात मारला. माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला ठाऊक होतं, पण पासवर्डसुद्धा भिजू नये? तिनं चहूकडे पाहिलं. कसोंडे लांब, समोशांच्या ताटापाशी होता. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. बा सोकोंनी गायीचं वाक्य शेवटपर्यंत पोचवलं, मग ओठ हलवत मनातल्या मनात दोनदा घोकलं आणि शाळेतल्या मुलासारखे हसले.

"आता हे माझं आणि देवाचं," ते म्हणाले.

तुमचं, देवाचं आणि जनरेटरच्या आसपास उभ्या असलेल्या सगळ्यांचं, असं टियोंगेच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. संचालकांना असं बोलत नाहीत. त्यात शुक्रवारनंतर मंत्रालयाला सांगणारं तोंड हेच होतं.

मंगळवारी बा मुटिंटांचा विषय होता अधिकार. "ज्याला झाडू मारायचाय त्याला झाडू द्या," त्या म्हणाल्या. "तिजोरीची किल्ली देऊ नका. मग तो तुमचा भाऊ असो, साहेब असो, पाळकबाबा असो. माणूस वाईट म्हणून नाही. त्याला गरज नाही म्हणून." अ‍ॅडमिन मंडळी एकमेकांकडे बघून हसली. साहेब मंडळी फोनमध्ये बघू लागली. बा सोको वहीत काहीतरी लिहून घेत होते. टियोंगेनं वाकून पाहिलं, तर त्यांनी झाडूचं चित्र काढलं होतं.

तिथे तिचा धीर सुटला. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिनं बा सोकोंचं खातं उघडलं आणि त्यातले सगळे अधिकार काढून घेतले. नाव तेच, वाक्य तेच, उघडल्यावर दिसणारं पानही तेच. यंत्रांची यादी आणि प्रत्येकासमोर हिरवा ठिपका. नुसतं बघता येईल, हात काही लावता येणार नाही. बा सोकोंना जन्मात फरक कळला नसता. त्यांना सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. मग डोळ्यांसमोर आलं ते सगळं पुढचं. त्यांचा पडलेला चेहरा, खाकरणं, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही का" हा प्रश्न, आणि मग मंत्रालयात "कंपनीचीच माणसं बरी, मोठ्यांचा मान तरी ठेवतात" हे वाक्य. नकोच ते. तिनं लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेली. मक्याच्या पिठाची न्शिमा थंड झाली होती, पण गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला नीट भूक लागली.

बुधवारी सकाळी ती चहा घेत होती तेव्हा बा सोको आले. "सगळं हिरवं आहे, पोरी. रात्री जाग आली तेव्हाही एकदा पाहिलं. तेव्हाही हिरवं."

"छान, बा सोको."

"तू झोपत जा. मी बघतो ना."

तिनं चहात उगाच आणखी साखर घातली.

त्याच सकाळी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला. कार्यालयाचा जुना ड्रायव्हर म्वांझा वारला, वर्गणी इथे भरा, आणि खाली एक दुवा. आपल्याकडे मयताचा निरोप उघडायचा नाही म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. ही कसोंडेची करणी हे टियोंगेनं ओळखलं. खातं रिकामं असलं तरी संचालक फसले हे शुक्रवारी सगळ्यांसमोर आलं असतं, म्हणून ती जिवाच्या आकांतानं बा सोकोंना शोधत सुटली. ते तळ्याच्या बाजूला झाडाखाली उभे होते, फोन कानाला, आणि हसत होते.

"उघडलंत?" तिनं धापा टाकत विचारलं.

"काय? नाही गं. मी म्वांझालाच फोन लावला. म्हटलं, बाबा, तू वारलास का? तर म्हणाला, साहेब, मी जेवतोय, जेवण झाल्यावर सांगतो." त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "हां, म्वांझा, तर मी काय म्हणत होतो..."

पुढचा बराच वेळ ते ज्याला त्याला धरून हाच किस्सा सांगत फिरले. वाचलो बुवा, नशीब थोर, असं टियोंगेनं मनात म्हटलं. त्यांना सुचलं असेल असं काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिला वेळही नव्हता. दुपारी तिला कंपनीच्या सर्व्हरच्या पुढ्यात असलेल्या नेटवर्कच्या एका पेटीवर कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच सापडला. कसोंडेच्या जोडीदारानं तो बदललाच नव्हता. ती सरळ आत गेली, कंपनीच्या सर्व्हरवर एक उंदराचं चित्र ठेवलं आणि बाहेर आली.

"उंदीर घरात शिरला," ती जेवताना कसोंडेला म्हणाली.

त्यानं कपाळाला हात लावला. "माझ्या जोडीदाराला मी तळ्यात फेकणार आहे. मगरी नाही म्हणाल्या तर परत आणीन." मग म्हणाला, "पण अजून शुक्रवार उजाडायचाय. तुमच्या घराला दारं दोन आहेत, आणि एक फार जुनं आहे."

"त्या दाराला हात तर लाव," टियोंगे म्हणाली. मनात मात्र ती अगदी निर्धास्त होती. जुन्या दारामागे भिंत होती, आणि ती तिनं स्वतः बांधली होती.

गुरुवारी दुपारी बा सोको वर्गात आले ते चष्म्याशिवाय. येताना एका खुर्चीला अडखळले, भलत्याच जोडीच्या टेबलाशी जाऊन बसले, तिथून उठून आले. पडद्याकडे बघताना त्यांचे डोळे नुसते बारीक होत होते.

"चष्मा कुठेय, बा सोको?"

"राहिला कुठेतरी."

"खोलीत बघू का मी?"

"नको, नको. मिळेल."

हद्द झाली, तिला वाटलं. मोठ्या माणसाला स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही आणि हा म्हणे किल्ली सांभाळणार. त्या दुपारी बा मुटिंटांनी लेखी सराव दिला. तो तिनं त्यांना हळू आवाजात वाचून दाखवला. प्रत्येक प्रश्न दोनदा. स्वतःचा अर्धाच झाला. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि सारखं रुमालानं डोळे पुसत होते. उन्हानं आणि ताणानं पाणी येत होतं त्यांतून. पलीकडून कसोंडे त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता, आणि टियोंगेला त्या दोघांचाही सारखाच राग आला.

शुक्रवारी सकाळी ते लॅपटॉपला नाक लावून बसलेले दिसले. "हिरवं दिसतंय," ते म्हणाले. "म्हणजे हिरवा रंग दिसतोय. ठिपके आहेत असं धरून चालू."

निकाल बा मुटिंटांनी मोठ्या पडद्यावर दाखवले. शेतीवाल्यांचा सर्व्हर फुटला होता. रस्तेवाल्यांचा तर दोनदा. जमीनवाल्यांच्या संचालकांनी म्वांझासारख्याच कुणाच्या तरी मयताला मनापासून वर्गणी भरली होती. रक्तसाठ्याच्या ओळीवर त्या आल्या आणि थांबल्या.

"हा एकच सर्व्हर आठवड्याभरात कुणाला उघडता आला नाही. समोरच्या जोडीनं काय काय केलं ते ऐकू या."

कसोंडे उभा राहिला. त्यानं खिशातून एक चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मी सोयरा आहे," तो म्हणाला. "सोयऱ्याचा हक्क बजावला. काल आमच्या टेबलावर जेवताना या म्हातारबांच्या नाकावरून चष्मा उचलला. म्हटलं, सोडवून घ्या. सोडवणूक काय, तर तुमचं वाक्य सांगा. म्हातारबांनी मला बोकड देऊ केला. मी नाही म्हटलं. सुक्या कापेंटा माशांचं पोतं देऊ केलं. मी नाही म्हटलं. अख्खं टेबल त्यांना चिक्कू म्हणालं, न्गोनींचं नाक कापलं म्हणालं, आमच्या कंपनीच्या साहेबानं तर विचारलं की हा माणूस सोयऱ्याला ओळखतो तरी का. म्हातारबा म्हणाले, चष्मा राहू दे तुझ्याकडे, वाक्य माझं नाही, ते मला सांभाळायला दिलंय. संध्याकाळी पुन्हा विचारलं. आज सकाळी जिन्यात पुन्हा विचारलं, तेव्हा ते कठडा धरून एकेक पायरी चाचपत उतरत होते. नाही म्हणजे नाहीच." तो चालत गेला आणि दोन्ही हातांनी चष्मा बा सोकोंपुढे धरला, मोठ्यांना देतात तसा, गुडघ्यात वाकून. "मी आजवर पुष्कळ सोयरे लुटले. असा रिकाम्या हातानं परत कधी आलो नाही."

सगळा वर्ग हसला आणि टाळ्या पडल्या. बा सोको लाजले होते. त्यांनी चष्मा चढवला, टियोंगेकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, बघितलंस का, असं. आता बा मुटिंटांनी पुढचं पान उघडू नये एवढंच तिला वाटत होतं. हात वर करावा, काहीतरी विचारावं, चहाची वेळ झाली म्हणावं. पण ती तशीच बसून राहिली.

बा मुटिंटांनी पुढचं पान उघडलं. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात उत्साह होता.

"आणि गंमत बघा," त्या म्हणाल्या. "वाक्य दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. हे बघा, हे मिस्टर सोकोंचं खातं. यातले सगळे अधिकार मंगळवारी दुपारीच काढलेले आहेत. मिसेस जेरेंनी काढले. नुसतं पान दिसतं, आत काही नाही. मंगळवारी मी घसा फोडून जे सांगत होते ते याच एका जोडीनं केलं."

"म्हणजे म्हातारबा ज्यासाठी भांडले..." कसोंडे बोलता बोलता थांबला.

"रिकामं होतं," बा मुटिंटा म्हणाल्या. "मिसेस जेरेंसाठी पावसाची टाळी."

एका बोटानं, मग दोन बोटांनी, मग तीन. टियोंगेला वर बघवत नव्हतं. तिनं बघितलं तेव्हा बा सोको पडद्यावरची ओळ वाचत होते. ओठ हलवत, सावकाश, सोमवारी वाक्य घोकलं होतं तसे. वाचून झाल्यावर त्यांनीही टाळी वाजवली. बरोबरीनं वाजवली, शेवटच्या धो धोपर्यंत.

दुपारी निघताना सगळे नेहमीप्रमाणे मासे घ्यायला थांबले. सियावोंगाहून कुणी रिकाम्या हातानं घरी जात नाही. बायका सुक्या कापेंटाचे ढीग लावून बसल्या होत्या. म्वांझा, तोच न वारलेला ड्रायव्हर, त्यांना न्यायला आला होता आणि गाडीच्या टपावर पोती बांधत होता. बा सोको एका ढिगापाशी उभे राहून मासे बोटांनी चाळत होते. टियोंगे त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं ऐन वेळी कुठे गेलं कुणास ठाऊक.

"बा सोको, मी सांगायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले.

"सोमवारी तुम्ही वाक्य टाइप करताना मोठ्यानं म्हणत होतात. मला भीती वाटली."

"मग 'हळू म्हणा' असं सांगायचं. मी तोंड मिटलं असतं." त्यांनी एक मासा उचलून वास घेतला आणि परत ठेवला. "आणि मंगळवारी त्या बाई झाडूचं बोलल्या तेव्हा तू नुसतं विचारलं असतंस तरी मी म्हटलं असतं, पोरी, माझ्याकडची काढून घे, मला काय करायचीय. मी काही एवढा मठ्ठ नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"वाटलं असतं. जरा वेळ." ते पहिल्यांदा तिच्याकडे वळले. चष्म्यामागचे डोळे अजून लालच होते. "सोयऱ्यानं मला तोंडावर लुटलं. तो त्याचा हक्क. तुझा कुठला हक्क होता?"

मासेवाली बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, भाव सांगू की नको अशा चेहऱ्यानं.

"मंत्रालयाला काय कळवायचं ते तुम्ही ठरवा," टियोंगे शेवटी म्हणाली. आठवडाभर ज्यासाठी जीव टांगला होता तेच आपण आपल्या हातानं बुडवलं, असं तिला वाटत होतं, आणि पेटाउकेच्या त्या डॉक्टरचा आवाज कानात येत होता. "कंपनीला द्यायची असेल तर..."

"ते मी कालच कळवलं."

"काल?"

"काल दुपारी. चष्मा गेल्यावर. सचिवांचा नंबर हॉटेलातल्या पोराला लावायला लावला, मला आकडे दिसत नव्हते." ते खाली वाकून पुन्हा मासे चाळू लागले. "म्हटलं, किल्ली आपल्याकडेच ठेवा, या जेरे पोरीकडे. ते म्हणाले, का, कंपनीकडे माणसं जास्त आहेत. मी म्हटलं, माणसं काय करायचीत. कंपनीनं आजवर मला कधी दाराच्या आत घेतलं नाही. हिनं माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या हातात किल्ली दिली, आणि ती सांभाळायला शिकवली. इतकी की मी सोयऱ्याला नाही म्हणालो. जी माणसांवर असा विश्वास टाकते तिच्याकडे रक्ताचं काम असू द्या. ते म्हणाले, बरं, तसं करतो."

टियोंगेनं तोंडावर हात धरला.

"मी आता फोन करून फिरवणार नाही," बा सोको म्हणाले. "काम तू चांगलंच करशील. किल्ली तुझी. मी सचिवांशी खोटं बोललो एवढंच, आणि तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं."

मग ते मासेवालीकडे वळले आणि कार्यालयात मागे राहिलेल्या लॅक्सनसाठी वेगळा एक वाटा बांधायला सांगितला.